घाटातली घोडी

आमच्या गावात पळण्यासाठी मुद्दाम बांधलेली एकच जागा आहे आणि ती बैलांची आहे.

गाव आंबेगाव तालुक्यातलं, निरगुडसरपासून फार लांब नाही. गावाबाहेर उसाला लागून एक लांब चढ आहे. दोन्ही बाजूंना मातीचे उंच बांध, वरच्या टोकाला सिमेंटचं स्टेज, खालच्या टोकाला बैल जुंपायची जागा. याला आम्ही घाट म्हणतो. यात्रेत इथे बैलगाड्यांच्या शर्यती होतात. एका वेळी एकच गाडा सुटतो, घड्याळाशी पळतो आणि वरचं निशाण ओलांडतो. त्या एका पळण्याला बारी म्हणतात. माणसं कामधंदा सोडून दिवसभर बांधावर बसतात आणि बारीमागून बारी पाहतात. मीही पाहिल्या आहेत. पण आमच्या घरचा गाडा कधी पळाला नाही, कारण आमच्याकडे बैल नव्हते. आमचं घर बुद्धविहाराच्या मागे. पणजोबांनी दीक्षा घेतली, आजोबा मास्तर झाले, पप्पा बँकेत लागले. जमीन आहे ती थोडी, ट्रॅक्टरवाल्याला सांगून नांगरून घ्यायची. यात्रेत आम्हाला कुणी काही बोलायचं नाही. पण माइकवरून गाडामालकांची आडनावं पुकारली जायची, त्यात आमचं कधी आलं नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत घाट ओस पडला. बाभळी उगवल्या, बांधावर शेळ्या चरू लागल्या. तेव्हा हायस्कूलच्या खेळाच्या सरांनी तो साफ करून घेतला आणि मुलींना तिथे पळवायला लागले. सर स्वतः बैलगाडावाल्यांच्या घरातले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "बैलाला चालतो तो घाट पोरीला का न्हाई चालणार?"

मी त्यांच्या हायस्कूलची नव्हते. मी मंचरजवळच्या इंग्लिश मीडियम शाळेत जायचे, पिवळ्या बसने. आमच्या शाळेला माहितीपत्रकात 'प्लेग्राउंड' होतं. प्रत्यक्षात ते पेव्हर ब्लॉकचं अंगण होतं, त्यावर ऑइलपेंटने आखलेल्या रेघा. स्पोर्ट्स डेला आम्ही त्यावर पळायचो आणि जो पडायचा त्याचा गुडघा महिनाभर बरा व्हायचा नाही. मी पडायचे नाही. मी दर वर्षी पहिली यायचे. बाकी वर्षभर मी वर्गात मागच्या बाकावर बसून कुणी आपल्याला काही विचारू नये अशी इच्छा करायचे. पळताना कुणी काही विचारत नाही, हे मला फार आवडायचं.

पप्पांनी सरांना गाठून मला घाटावर पाठवलं. सकाळी ऊन आल्यावरच जायचं, कारण उसात बिबट्या असायचा, आणि परत येऊन शाळेची बस पकडायची.

तिथे ती होती.

तिला मी इथे नाव देणार नाही. ती माझ्याच वयाची, हायस्कूलमधली, आणि तिचे वडील गावातले मोठे गाडामालक. मी पहिल्या दिवशी नवे बूट घालून गेले होते. ती अनवाणी बांधावर बसून काकडी खात होती. तिने माझे बूट पाहिले आणि बाकीच्या मुलींना म्हणाली, "आल्या बघा मॅडम. बूट न्हाई, विमान घातलंय पायात." सगळ्या हसल्या. मग तिने उरलेली काकडी मोडून अर्धी माझ्यासमोर धरली. "खा की. का इंग्लिशमदी काकडी खात न्हाईत?"

मी काकडी घेतली. "खातात," एवढंच म्हणाले. मला तेवढंच सुचलं. रात्री अंथरुणात मला फार चांगली उत्तरं सुचली, पण ती तिथे वाया गेली.

तिचं पळणं पाहिलं आणि मला तिचा हेवा वाटला. तेव्हा तो पहिल्यांदाच वाटला, नंतर नेहमीचा झाला. ती माझ्यापेक्षा फार वेगात होती असं नाही. सुरुवातीला तर मीच पुढे असायचे. पण ती पळायची तेव्हा बांधावर कुणी ना कुणी थांबायचं. दुधाचे कॅन घेऊन निघालेला माणूस मोटरसायकल उभी करायचा. "कुणाची गं ही? शेठची व्हय? मग पळणारच की, रक्तच हाय तसलं." मी पुढे असले तरी त्यांना मागून येणारी ती दिसायची. माझ्या रक्ताबद्दल कुणाचं काही मत नव्हतं.

एकदा तिच्या घरी गेले होते. बैठकीच्या खोलीत भिंतभर ढाली, कपाटावर चषक, आणि हार घातलेल्या बैलांचे फोटो. माणसांचेही फोटो होते, पण बैलांचे मोठे होते. तिने मला एकेका बैलाची ओळख पाहुण्यांची करून द्यावी तशी करून दिली. "ह्यो आज्याचा. ह्यानं पाबळच्या बाजूला सगळा घाट शांत केला व्हता. आन् ही घोडी. ही म्हंजे लई शानी." आमच्या घरी हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आजोबांची पुस्तकं आणि एका खिळ्याला माझी प्लॅस्टिकची पदकं. आमच्या घराबद्दल मला कधी कमीपणा वाटला नव्हता, आणि तेव्हाही वाटला नाही. पण त्या घरातून बाहेर पडताना मला ती भिंत हवी होती. माझ्या मागे अशी पळणाऱ्यांची रांग असावी, मग ते बैल का असेनात, असं वाटलं.

आता घोडीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यामुळे झालं.

आमच्या भागात बैलगाड्याच्या पुढे घोडी पळवतात. तिच्यावर स्वार असतो. घोडी पुढे सुटते आणि तिला पाहून बैल जीव खाऊन मागे येतात. घोडी चांगली असेल तर बैल चांगले पळतात. पण घड्याळ बैलांसाठी लावलेलं असतं, गुलाल बैलांवर पडतो, आणि घोडी किती जोरात पळाली हे कुणी विचारत नाही.

सरांना घाटाशिवाय दुसरं शिक्षण नव्हतं, म्हणजे धावण्याचं. त्यांनी आम्हाला त्याच पद्धतीने तयार केलं. कालव्याच्या रस्त्याने पळत यायचं आणि शेवटी घाट चढायचा. मी सुरुवातीला जोरात असायचे म्हणून त्यांनी ठरवून टाकलं, "तू घोडी. तू पुढं पळायचं. ही तुला बघून येईल." आणि एक नियम त्यांनी स्वतःचा जोडला. निशाण थोडं पुढे राहिलं की मी बाजूला व्हायचं, बांधाकडे. म्हणजे शेवटी तिच्यासमोर मोकळी वाट आणि निशाण दिसेल, आणि ती उरलीसुरली ताकद काढेल. "एकदम सोड जागा," ते ओरडायचे, "रेंगाळू नको."

मला सुरुवातीला अभिमान वाटला. पुढे पळायचं म्हणजे चांगलंच. पोरं चिडवायची. कट्ट्यावरून एक जण रोज ओरडायचा, "आली रे घोडी आली, बैल मागं राहिला!" मग तीच थांबून त्याला सांगायची, "तुझ्या आयला सांगू का, शाळा बुडवून बसतो त्ये?" तो गप्प बसायचा. माझी बाजू ती अशी घ्यायची. तेही मला आवडायचं नाही. माझी बाजू मला घेता येत नव्हती आणि तिला येत होती, एवढंच त्यातून मला कळायचं.

हळूहळू लक्षात आलं की मी निशाण कधी ओलांडतच नाही. सकाळमागून सकाळ मी पुढे पळते, आणि निशाणाच्या अलीकडे बांधाकडे वळते, आणि मागून ती येऊन रेघ ओलांडते, आणि सर तिचं घड्याळ पाहतात. मला सरांना म्हणायचं होतं, एक दिवस मला शेवटपर्यंत पळू द्या. रोज जाताना वाक्य तयार करायचे. मराठीतून तयार करायचे, कारण इंग्रजीतून विचार आला की मला स्वतःलाच तो उद्धट वाटायचा. पण घाटावर गेलं की शब्द गिळले जायचे. सर चांगलेच होते. दुखलंखुपलं विचारायचे, माझ्यासाठी घरून भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणायचे. चांगल्या माणसाला असलं काही सांगणं जास्त अवघड जातं.

मग निवड चाचणी आली.

पिंपरी-चिंचवडच्या बाजूला एक मोठं क्रीडासंकुल आहे. तिथे मुलींचं वसतिगृह होतं. राहणं, खाणं, शाळा आणि शिकवायला खरे प्रशिक्षक. आमच्या वयोगटात आठशे मीटरसाठी एकच जागा होती, आणि पुढच्या वर्षी आम्ही दोघीही वयात बसणार नव्हतो. मला ती जागा किती हवी होती हे मी कुणाला सांगितलं नाही. पप्पांना सांगितलं असतं तर ते बँकेत सगळ्यांना सांगून मोकळे झाले असते. मी नकाशावर ते संकुल शोधून ठेवलं होतं. वरून तो ट्रॅक लाल कड्यासारखा दिसायचा. मी बोटांनी तो मोठा करून करून पाहायचे.

तिच्या वडिलांच्या गाडीतून आम्ही गेलो. गाडीच्या मागच्या काचेवर त्यांच्या बैलांचा फोटो चिकटवलेला होता. भोसरीच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतली माणसं तो पाहून अंगठा दाखवायची आणि तिचे वडील हॉर्न वाजवायचे. सर पुढे बसले होते. ती पूर्ण रस्ता झोपली, माझ्या खांद्यावर. मला झोप येणं शक्य नव्हतं. जिला झोप येते तिला ही जागा माझ्याइतकी हवी असेल का, असा मी विचार करत होते.

ट्रॅकवर पाय ठेवला तेव्हा तो खाली किंचित दबला आणि त्याने पायाला परत वर ढकललं. मी वाकून हात लावून पाहिला. उन्हाने तापलेल्या रबराचा वास येत होता. कोपऱ्याकोपऱ्यात थंड पाण्याचे नळ. मुलींच्या बाथरूमच्या दारांना आतून लागणाऱ्या कड्या. एका भिंतीवर तिथे घडलेल्या खेळाडूंचे फोटो रांगेने लावलेले, आणि त्यात माणसंच होती. स्थानिक मुली एकमेकींचे पाय धरून ताण देत होत्या, त्यांच्याकडे बुटांच्या वेगळ्या पिशव्या होत्या, आणि त्या आपापसांत कंटाळल्यासारख्या बोलत होत्या. या जागेत कंटाळता येतं, याचाच मला हेवा वाटला. एकीने शेजारणीला म्हटलं, "आज फार गरम होतंय गं, एसी जिमला जाऊया का नंतर?" ते ऐकून आमची ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, इथं बैलपण लाजतील पळायला." मला हसू आलं. तेवढ्यापुरती ती मला आवडली.

आम्हा दोघींना एकाच गटात टाकलं. सर कुंपणापाशी आले. त्यांनी हात खिशात घातले. म्हणाले, "घाबरू नका. नवीन काय करू नका. घाटात पळता तस्सं पळा."

मी तस्सं पळाले.

सुटल्यापासून मी पुढे होते. पहिल्या फेरीला मागे कोण आहे हे मला पावलांवरून कळत होतं. तिची पावलं मला सगळ्यांत वेगळी ऐकू यायची, कितीतरी सकाळी मी ती मागून ऐकली होती. दुसऱ्या फेरीत बाकीच्या मागे पडल्या. पावलं फक्त तिची राहिली. शेवटचं वळण संपलं, सरळ पट्टी आली, समोर पांढरी रेघ दिसली. माझा श्वास अजून शिल्लक होता. हे मला नक्की आठवतं, कारण पुढे मी ते किती वेळा तपासून पाहिलं आहे. दम होता, पाय हलके होते. आणि मी बाजूला झाले.

विचार करून नाही. पाय वळले. रेघ दिसली की वळायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं होतं. मी एकदम जागा सोडली, रेंगाळले नाही, अगदी सर सांगायचे तशी. बाहेरच्या लेनपर्यंत गेले आणि वेग सोडला. आतून ती गेली. ती रेघेपलीकडे पोहोचली तेव्हा मला कळलं की इथे बांध नाही.

घड्याळ हातात घेतलेल्या एक मॅडम होत्या. त्या सरळ माझ्याकडे आल्या. "काय झालं? पाय मुरगळला? बाहेर का गेलीस?" मी अजून रेघेकडेच बघत होते. "दुखलं असेल तर सांग. थोडी विश्रांती घे, पुढच्या गटात परत पळवते."

परत पळवते. हे शब्द मी ऐकले. तोंड उघडलं. तेवढ्यात सर कुंपणाच्या आत आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भरल्या आवाजात म्हणाले, "मॅडम, तिला काय नाय झालं. मैत्रिणीला जागा दिली तिनं. लई मोठ्या मनाची पोरगी हाये."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "असं आहे का?"

मी सरांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ती थोडी पुढे, गुडघ्यांवर हात ठेवून, खाली बघत श्वास घेत होती. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं.

"मन मोठं करायला इथे कुणी येत नाही," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या गटाकडे गेल्या.

ती जागा तिला मिळाली.

सरांनी मुद्दाम केलं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारून झाला आहे. मला तसं वाटत नाही. आपण रोज जे शिकवलं तेच समोर घडलं हे त्यांच्या लक्षातच आलं नाही, आणि त्याला त्यांनी त्यांच्या परीने चांगलं नाव दिलं. गावात तेच नाव पसरलं. तोवर बंदी उठली होती. पुढच्या यात्रेत गाडे परत पळाले, आणि मधल्या वेळात स्टेजवर बोलावून तिचा सत्कार झाला. मग माझाही. माइकवरून आमचं आडनाव पहिल्यांदा पुकारलं गेलं. "मोठ्या मनाची लेक! टाळ्या झाल्या पाहिजेत पावणं, टाळ्या!" पप्पा बांधावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. इतक्या वर्षांनी तो घाट आमचं नाव घेत होता, आणि ते मी न केलेल्या गोष्टीसाठी. नारळ फार जड लागला.

घरी मम्मी भाकरी करत होती. तिने तव्यावरून नजर न काढता विचारलं, "खरंच सोडलीस?"

मी ताट वाढून घेतलं.

"मला नाही पटत. तू लहानपणी मटाराची शेंगसुद्धा कुणाला सोडली नाहीस." एवढं बोलून तिने भाकरी उलटली. तो विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

मी पळणं थांबवलं. सर दोनदा बोलवायला आले, मी दहावीचं कारण सांगितलं. पुढे नारायणगावला कॉलेज घेतलं. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या पिकअपच्या रांगेतून कॉलेजला जायची जीप निघेपर्यंत बसून राहायचं आणि फोन पाहायचा. फोनमध्ये ती असायची. ट्रॅकवर ती, जिममध्ये ती, कुठल्यातरी रेल्वे स्टेशनवर संघाच्या जॅकेटमध्ये ती. मी तिचं स्टेटस पाहिलेलं तिला दिसू नये अशी सेटिंग मी करून ठेवली होती. तिचं मराठीसुद्धा बदलत चाललं होतं. एका व्हिडिओत ती 'न्हवतं' सोडून 'नव्हतं' म्हणाली, स्वच्छ. त्याचाही मला राग आला. ते बोलणंही माझं होतं.

यंदा माझी एक प्रवेशपरीक्षा त्याच बाजूला होती. तिच्या आईला कुठून कळलं कोण जाणे, आदल्या संध्याकाळी ती डबा घेऊन दारात. मासवड्या, आणि बरणीत वेगळा रस्सा. "तेवढं पोच कर बाय तिला. तिकडं मेसचं खाऊन लाकूड झालीये पोर." नाही म्हणता आलं नाही. खरं सांगायचं तर मला तो ट्रॅक परत पाहायचा होता.

दुपारी परीक्षा सुटल्यावर गेले. त्या दिवशी त्यांची आपापसातली चाचणी चालू होती. मी स्टँडमध्ये वरच्या पायरीवर बसले, डबा मांडीवर. आठशे मीटरला ती उभी राहिली तेव्हा मी तिला लगेच ओळखलं नाही. खांदे रुंद झाले होते, केस कापले होते. ती पळाली आणि सहावी आली.

मला वाटलं होतं, असं काही पाहिलं तर मला बरं वाटेल. मी त्याची वाट पाहिली होती. पण ती सहावी येऊन रेघेपलीकडे वाकून उभी राहिली, आणि एका प्रशिक्षकाने येऊन तिला हाताने काहीतरी समजावलं, खांदा असा, कोपर असं, आणि मला तिथे सहावं यायचं होतं. मला ते हरणंसुद्धा हवं होतं. कुणीतरी माझ्या कोपराबद्दल इतकं मन लावून बोलायला हवं होतं.

ती वर आली, मला पाहून ओरडली, "अगं मॅडम!" आणि तिथेच पायरीवर बसून डबा उघडला. मासवडी हाताने मोडून खाता खाता तिचं जुनं बोलणं परत आलं.

"आई रडती का गं फोन ठेवल्याव?"

"मला नाही माहीत."

"मी सोडणारे हे," ती म्हणाली. "पुढं काय व्हत नाय माझं. सहावी, सातवी, सहावी. गावाकडं वाटायचं आपून म्हंजे कोण. इथं मढकडची एक पोरगी आलीये, डोंगरातली, ती वार्‍यासारखी जाती. पाठच दिसती तिची." तिने दुसरी मासवडी उचलली. "बाबांना मला नाय सांगता येणार. तू सांग. तुझ्यावर इश्वास हाये त्यांचा. मोठ्या मनाची म्हणत्यात तुला अजून."

तेव्हा माझ्या आत इतकी वर्षं गच्च धरून ठेवलेलं जे होतं ते बाहेर आलं. आवाज चढला नाही, माझा चढतच नाही. पण बोलले.

"मी जागा सोडली नव्हती."

"म्हाईतेय मला," ती म्हणाली. लगेच. घास न थांबवता. "मी मागं व्हते की. तू वळलीस तवाच कळलं, ही घाटात गेली म्हणून."

"मग बोलली का नाहीस? मॅडम परत पळवणार होत्या."

तिने बोटं चाटली आणि ट्रॅककडे पाहिलं. "बोलले असते तर तू परत पळाली असतीस. जिंकली असतीस. मी मागून बघत व्हते ना, तुझा दम संपला नव्हता. माझा संपला व्हता."

हे वाक्य मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी स्वतःला हजारदा सांगितलं होतं, पण स्वतःचं कुणी ऐकत नाही. मला वाटलं होतं, कधी कुणी असं म्हणालं तर माझं सगळं शांत होईल. तसं झालं नाही. उलट हेवा आणखी वाढला, कारण आता तो खोटा म्हणून झटकता येत नव्हता. ती जागा खरंच माझी होती. आणि ती तिथे रस्सा पीत बसली होती आणि मला सांगत होती की तिला ती नको आहे.

"मी नाही सांगणार तुझ्या बाबांना," मी म्हणाले.

"का?"

"तुला सोडायचं असेल तर तू सोड. पण मग मी कशाला हरले ते मला सांग. तू इथे सहावी येतेस तोवर निदान मी कशासाठी तरी हरले आहे. तू घरी येऊन बसलीस तर मी फुकट हरले."

मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "लई वाईट हायेस तू."

"हो."

"आन् समदे म्हणत्यात मन मोठं." ती हसायला लागली, रस्सा नाकात गेला, खोकली. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं. कुणीतरी मला वाईट म्हणालं होतं.

खाली शिटी वाजली. चाचणीच्या पुढच्या शर्यतीसाठी मुली पुन्हा रेघेपाशी जमत होत्या. तिने डबा माझ्याकडे सरकवला, हात पँटला पुसले, आणि उठली नाही. आणखी एकदा शिटी वाजली. तिने बुटाच्या लेसची गाठ सोडून पुन्हा बांधली, दुसऱ्या बुटाचीही. मग पायऱ्या उतरून गेली.

मी नाशिक फाट्याहून लवकरची एसटी पकडणार होते. ती सोडून दिली. वरच्या पायरीवर बसून राहिले आणि ती कितवी येते ते पाहत होते. ती पहिली यावी असं मला अजिबात वाटत नव्हतं. ती पळत राहावी, एवढंच वाटत होतं.